मुक्या जनावराची सोय

“धरा नीट, आत्या. नख लागलं तर मला इंजेक्शनं घ्यावी लागतील,” असं म्हणत मालनवहिनीनं वाटीतलं करंजाचं तेल बोटांवर घेतलं.

मी कराड डेपोत एसटीची कंडक्टर होते. ड्युटी संपवून खाकी साडीवरच दादाच्या घरी गेले होते. परसात आई उकिडवी बसली होती आणि तिच्या पुढ्यात गोणपाटात गुंडाळलेली ठकी, तिची म्हातारी मांजरी. डोकं आणि पुढचे पाय पोत्यात, मागचा अर्धा भाग उघडा. तो भाग बघून मी दारातच थांबले. पोटावर नावालाही केस नव्हते. मांड्यांच्या आतली बाजू सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत झाली होती, आणि एका जागी कातडी लाल होऊन ओलसर दिसत होती.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“खरूज झालीय. करंजाच्या तेलानं मरती,” वहिनी म्हणाली.

“खरूज म्हणून कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे वन्सं? दिसतंय की. तिकडनंच आणलीय. आमच्याकडं होती तवा चांगली होती.”

तिकडनं म्हणजे माझा धाकटा भाऊ उत्तम याच्या घरून. गंमत म्हणजे, गेल्या महिन्यात मी उत्तमकडे गेले तेव्हा त्याची बायको सुरेखा अगदी हेच म्हणत होती. “त्या जुन्या घरातल्या अडगळीतनं आणलंय काहीतरी,” असं म्हणून तिनं ठकीला बादलीत घालून कसल्याशा औषधी पाण्यानं घासून काढलं होतं. एक जण तेल लावायची, दुसरी ते धुवायची, आणि दोघींच्या मधे ती मुकी मांजरी.

वहिनीनं तेल चोपडून पोतं सोडलं. ठकी लंगडत लंगडत धुण्याच्या दगडाखाली गेली, आणि बसल्या बसल्या चाटायला लागली. पोट, मांडी, परत पोट. थांबायचं नाव नाही.

“सारखी चाटती,” आई म्हणाली. “रात्री जाग आली तरी आवाज येतो. मी हात लावला की थांबती, काढला की पुन्हा सुरू.”

ही ‘इकडची’ आणि ‘तिकडची’ भानगड काय, ते सांगायला हवं. वडील गेल्यावर भावांची वाटणी झाली. पेठेतलं हे जुनं घर मोटार वायंडिंगच्या दुकानासकट दादाला आलं, आणि उत्तमनं आपला वाटा घेऊन हायवेपलीकडे मलकापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. राहिली आई. तिच्या पाळ्या लावल्या. अमावस्या सरली की दुसऱ्या दिवशी आई बदलायची. एक महिना दादाकडे, एक महिना उत्तमकडे. एका पिशवीत लुगडी आणि औषधं, आणि मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेली वेताची बुट्टी, बुट्टीत ठकी. गावात सगळे म्हणायचे, हौसाबाईंची मुलं गुणाची, भांडण नाही तंटा नाही, आईला कसं वाटून सांभाळतात. मी रोज लगेज चढवताना आणि उतरवताना बघते. लगेजसुद्धा एकदाच चढतं आणि एकदाच उतरतं हो. त्याला शेवटी कुठंतरी पोचायचं असतं.

मी कितीदा म्हटलं, माझ्याकडे चल. पण दोन दोन मुलगे हयात असताना लेकीच्या दारात राहायचं म्हणजे आईला लाज वाटायची, आणि भावांना तर अपमान. “आम्ही मेलोय का?” असं दादानं मला तोंडावर विचारलं होतं. तेव्हाच हो म्हणायला हवं होतं असं अजूनही वाटतं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी तो दिवस आठवला की माझे दात आपोआप आवळले जातात.

“उद्या उत्तम न्यायला येणार ना?” मी आईला विचारलं.

वहिनीच म्हणाली, “भावजी येणार संध्याकाळी. पण सुरेखाचा फोन होता. मांजर आणायचं न्हाई म्हणाली. आणलंच तर खाली सोडून देणार. तिचंबी खरंय, घरात लहान पोर हाय. मग हे म्हणालं, मी सकाळी मार्केट यार्डात नेऊन सोडतो. तिथं उंदीर लई, पोटाला कमी पडायचं न्हाई.”

“हिला? लंगडतीय ती. कुत्री फाडून खातील तिला.”

“मग काय करायचं वन्सं? खरजेचं जनावर घरात ठेवायचं व्हय?”

मी आईकडे बघितलं. ती धुण्याच्या दगडाकडे बघत होती. वडील गेले त्या वर्षी ठकी कौलावरून आमच्या माजघरात पडली, एवढीशी, आणि तेव्हापासून आईच्या पायाशी झोपत आली. दोन्ही घरांत आईशी बोलायला कुणाला वेळ नसायचा. आई तिच्याशी बोलायची. आज भाकरी कडक झाली, आज पाय ठणकतोय, आज जयू, म्हणजे मी, आली नाही. ठकीला मार्केट यार्डात सोडायचं म्हणजे आईला कुठं सोडायचं, याचा विचार कुणी केला नव्हता.

“सकाळी कुणी हात लावायचा नाही तिला,” मी म्हटलं. “उद्या माझी सुट्टी आहे. मी डॉक्टरकडे नेते.”

“मांजराला डॉक्टर?” वहिनी हसली.

“हो. माणसांना तुम्ही तेलं लावा.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणापासून म्हणायची. त्या दिवशी काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुट्टी घेऊन मी आणि आई मुल्ला डॉक्टरांकडे गेलो. शबाना मुल्ला. वयानं माझ्यापेक्षा लहान, बारीक चणीची बाई. दवाखान्यात आमच्या आधी एक बोकड आणि दोन कुत्री होती. आमचा नंबर आल्यावर तिनं दार लावून घेतलं, बुट्टीचं फडकं सोडलं आणि नुसती बघत बसली. ठकी आपणहून बाहेर येईपर्यंत तिनं हात लावला नाही.

मग ओल्या पांढऱ्या कागदावर फणीनं ठकीचे केस विंचरले. काळे कण पडले असते तर कागदावर लाल उतरले असते, म्हणजे पिसवा, असं तिनं सांगितलं. काही पडलं नाही. दिवा लावून कातडी पाहिली, खरवडून काचेवर घेतली, यंत्राखाली बघून आली.

“खरूज नाही, गजकर्ण नाही, पिसवा नाहीत,” ती म्हणाली. “आणि आजी, हिचे केस गळलेले नाहीत. हे बघा, कडेचे केस मधेच तुटलेत. हिनं चाटून चाटून काढलेत.”

“पण का चाटती?” आईनं विचारलं.

“ते शोधू या.” तिनं ठकीच्या कमरेवर हलकेच अंगठा दाबला. ठकीनं मान वळवली आणि दात दाखवले. “हे बघा. मागचे खुबे झिजलेत. हिचं वय झालंय. मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही. उलट लपवतं. जिथं ठणकतं तिथं चाटत बसतं. पोटावर चाटतं तेव्हा लघवीच्या पिशवीचा त्रासही असू शकतो. लघवी तपासते. वरून तेल लावलंत ना? ते काढायला हिनं आणखी चाटलं.”

मी आईकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर वहिनीच्या नावानं काहीतरी तोंडातून गेलं असतं.

“आणि अजून एक,” डॉक्टर म्हणाली. “मांजराला धास्ती बसली की ते चाटतं. आपण नखं खातो तसं. चाटलं की त्याला जरा बरं वाटतं. घरात काही बदल झालाय का? नवीन माणूस, नवीन जागा?”

“बदल कसला,” आई म्हणाली. “आम्ही दर महिन्याला बदलतो.”

डॉक्टरला कळलं नाही. मग मी सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा हात ठकीच्या पाठीवर तसाच होता.

“मांजराला घर समजायला वेळ लागतो,” ती म्हणाली. “कोपरा न् कोपरा गाल घासून आपला करतं. हिनं तो आपला केला की तुम्ही हिला उचलता. मग पुन्हा नवीन वास, नवीन आवाज, नवीन माणसं. वर तिसरा मजला. तरुण असती तर खपलं असतं कदाचित. या वयात नाही.”

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“दुखण्याचं औषध मी देते. माणसांची गोळी चुकूनही द्यायची नाही, त्यानं मांजर मरतं. बसायला उबदार जागा, खाणंपाणी जवळ. शी-शूसाठी माती भरलेलं घमेलं असेल तर त्याची एक कड खाली कापा, हिला उडी मारायला लावू नका. अंथरूण सगळं एकदम धुवायचं नाही, हिचा वास हिला राहू द्या. चाटताना ओरडायचं नाही, ओढायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हलवाहलव बंद. एक घर, एक कोपरा.”

“एक म्हणजे कायमचा?” आईनं विचारलं.

“कायमचा, आजी.”

आईनं मान हलवली. परत येताना रिक्षात ती बुट्टीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मी बडबडत होते, आता बघते कोण सोडतं मार्केट यार्डात, वगैरे. ती काही बोलत नव्हती. मला वाटलं, दमली असेल.

संध्याकाळी उत्तम आला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबवून आला होता. दादानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत येऊन बसला. वहिनीनं चहा टाकला. आई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तिची भरलेली पिशवी आणि तिच्या पलीकडे बुट्टीत ठकी.

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. खुबे, धास्ती, हलवाहलव, सगळं. भांडायच्या तयारीनंच बसले होते. पण काय सांगू, दोघेही भाऊ विरघळले.

“च्च,” दादा म्हणाला. “मुकं जनावर. त्याला सांगता येत नाही, आणि आपण खरूज खरूज करत बसलो.”

“आपण माणसं असून एवढं कळू नये?” उत्तम म्हणाला. “त्याला पण आपलं घर पाहिजे असणारच की. दर महिन्याला उचलायचं, आपटायचं. कुणीही आजारी पडेल.”

“मग राहू दे की हितंच,” वहिनीसुद्धा म्हणाली. “खरूज न्हाई म्हटल्यावर माझं काय न्हाई. आमचं घर खालीच हाय, परस हाय. भावजींच्यात जिना चढायचा तिला.”

उत्तमला तर हेच हवं होतं. सुरेखाचं काम झालं. “बेस्ट,” तो म्हणाला. दादा उठला, दुकानातून पत्रा कापायची कात्री आणली आणि तिथल्या तिथं एका जुन्या प्लॅस्टिकच्या घमेल्याची कड कापून खाली केली. कापलेली धार ठकीला लागू नये म्हणून घासून घेतली, वर चिकटपट्टी लावली. वहिनीनं चुलीमागची उबदार जागा दाखवली. उत्तम म्हणाला, औषध मी आणून देत जाईन. चहा संपायच्या आत ठकीची सोय झाली. भावाभावांचं इतकं एकमत मी वाटणीनंतर पहिल्यांदा बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता पुढचं वाक्य काय येणार ते मला आपोआप कळल्यासारखं वाटत होतं. मी आईकडे बघून हसलेही.

दादानं कात्री खाली ठेवली, हात झटकले.

“चल मग आई, आवर,” तो म्हणाला. “रिक्षा थांबलीय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुठं आवर?” मी म्हटलं.

“कुठं म्हणजे? उत्तमकडं. कालच अमावस्या झाली.”

“दादा, आत्ता काय बोललास तू? उत्तम, तू काय बोललास? दर महिन्याला उचलायचं, आपटायचं, कुणीही आजारी पडेल. कुणाबद्दल बोलत होतास?”

“मांजराबद्दल,” उत्तम म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. त्याचाच मला जास्त संताप आला.

“आणि हिचे गुडघे? हिला तिसरा मजला चढायचा नाही? हिचं अंथरूण, हिची जागा, हिचं वय?”

“हे बघ जयू,” दादा जड आवाजात म्हणाला, “आम्ही दोघं आईला सांभाळतोय. गावात कुणालाही विचार. इकडं एक महिना, तिकडं एक महिना. कुणावर भार नाही, कुणाची तक्रार नाही. न्यायानं चाललंय.”

“दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात दादा.”

“उपाशी?” वहिनी उसळली. “वन्सं, कधी उपाशी ठेवलं मी आत्यांना? सांगा की आत्या. गरम भाकरी देते का न्हाई?”

“देतीस,” आई म्हणाली.

“मग?”

“मग काय, मालन? त्या ठकीलाबी दोन्हीकडं दूध होतंच की.”

आई हे अगदी शांतपणे बोलली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. उत्तम उठून दारापर्यंत गेला आणि परत आला.

“जयू,” आई म्हणाली, “त्या डॉक्टरीणबाईंचा फोन हाय का तुझ्याकडं?”

“आहे. कशाला?”

“लाव. इचार त्यास्नी, ठकीचं सांगितलं तसं माझंबी सांगतील का. त्यांचं सगळी ऐकत्यात.”

मग दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “आई, काहीतरीच काय. तू काय मांजर हायस व्हय?”

“न्हाई,” आई म्हणाली. “मांजराचं बरं असतंय. केस गेलं की दिसतंय.”

मला तिथं बसवेना. मी तिची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीकडे निघाले, तिच्या खोलीकडे. म्हणजे दादाकडे असताना ती जिथं झोपायची तिथं. दिवा लावला आणि बघते तर तिची कॉट उभी करून भिंतीला टेकवलेली. तिच्या कपड्यांच्या फळीवर वहिनीच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. आई अजून माजघरात बसलेली, रिक्षात पायसुद्धा ठेवला नव्हता, आणि हिची जागा दुपारीच भरून झालेली. प्रत्येक महिन्याला हेच होत असणार. ती परत आली की बरण्या उतरायच्या, गेली की चढायच्या.

“वहिनी,” मी ओरडले, “इकडं या. बघा इकडं.”

सगळे आले. शेवटी आई आली, भिंत धरत धरत. तिनं फळीकडे बघितलं. तिला नवल वाटलं नाही. तिला ते माहीत होतं. मी मात्र मोठमोठ्यानं काय काय बोलत सुटले ते मलाही आठवत नाही. शेजारच्या परसातली माणसं ऐकत होती एवढं आठवतं, आणि मला त्याचं बरंच वाटत होतं.

“गप, जयू,” आई म्हणाली. मग तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि उभ्या केलेल्या कॉटपाशी खाली ठेवली. “उत्तम, रिक्षा परत लावून दे. मी येत न्हाई.”

“आई, पण सुरेखानं स्वयंपाक...”

“तिला सांग, राग न्हाई माझा. मला बघावंसं वाटलं तर दिवसा या. लग्न होऊन मी ह्या घरात आले, हितनंच जाईन. महिन्याला एकदा मरून बघितलं, बास झालं.”

उत्तम दादाकडे बघायला लागला, दादा वहिनीकडे, वहिनी दाराकडे. बाहेर रिक्षावाला पुन्हा हॉर्न वाजवत होता. मी फळीपाशी गेले आणि बरणीला हात घातला.

“तू न्हाई,” आई म्हणाली. “तू ठेव ती. ज्यांनी मांडल्यात त्यांनी उतरवायच्या.”

मग दादा पुढे झाला. त्यानं पहिली बरणी उचलली, पण ती कुठं ठेवायची ते त्याला सुचेना, म्हणून ती पोटाशी धरून तो तसाच उभा राहिला. वहिनीनं ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरात नेली. मग दुसरी. सगळ्या बरण्या गेल्यावर आईनं पदरानं फळी पुसली. उत्तम केव्हा गेला ते मला कळलं नाही.

आई शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली. ठकीच्या पोटावर त्याच वर्षी थंडीपर्यंत मऊ केस आले. ते बघायला उत्तम आणि सुरेखा मुद्दाम आले, पोराला घेऊन. सगळे चुलीमागच्या कोपऱ्याभोवती बसले, ठकीच्या पाठीवरून आळीपाळीनं हात फिरवत. “बघ, एका जागी राहिली की कशी सुधारली,” दादा अभिमानानं सांगत होता. “आता दुखतं का गं तुला?” सुरेखा तिला विचारत होती. आई तिथंच शेजारी बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.